मूठ दाराकडे

हसा, हसा. आधी पोटभर हसून घ्या, मग मी बोलतो. हो, एक बाही दुसरीपेक्षा लांब आहे. हो, कॉलर एका बाजूला मान टाकून झोपलीय. हा शर्ट मी कापलाय. मी, स्वतः, या हाताने. ढब्बू, तुला फारच उकळ्या फुटतायत ना? पुढचा तुझ्या मापाचा कापतो, मग बघू कोण हसतंय.

बरं, आता ऐका, मधे कोणी तोंड घालायचं नाही, कारण माझा धागा एकदा तुटला की मी परत पहिल्यापासून सुरू करतो आणि मग तुम्हीच कपाळाला हात लावता. ही शर्टाची गोष्ट नाहीच. कात्रीची आहे.

आमची आक्का माहितीये ना तुम्हाला? माझ्या आजोबांची धाकटी बहीण, ती, जिने ढब्बूला एकदा दारातून परत पाठवलं होतं, चपला नीट लावून मग आत ये म्हणून. हां, तीच. सत्तरी उलटली, पण बाईचा आवाज असा की गल्लीतली कुत्री सावधान उभी राहतात. तर आक्का नऊ वर्षांची असताना लढाई झाली. मोठी लढाई, ती सरहद्दवाली. आमचं मूळ घर तिकडचं, आता जे पलीकडे गेलं ना, तिकडचं. आणि आमचा मूळ धंदा शिंपीकाम. आक्काचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, कोट शिवायचे. फक्त कोट. आणि माणूस डावखुरा. त्यांचे वडीलही डावखुरे, त्यांचेही वडील डावखुरे, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकच कात्री, डाव्या हाताची, लोहाराकडून मुद्दाम घडवून घेतलेली, एवढी मोठी, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत.

तुम्हाला वाटेल कात्रीला काय डावं नि उजवं. असतं! कुठलं पातं वर आणि कुठलं खाली, यावर सगळं असतं. डाव्या हाताची कात्री उजव्या हातात धरलीत तर ती कापतच नाही. कापड नुसतं पात्यांच्या मधे जाऊन मुडपून बसतं. मला हे लहानपणापासून उलट्या बाजूने माहितीये, कारण शाळेतल्या कात्र्यांनी माझ्याशी आयुष्यभर हाच खेळ केला. मी डावखुरा आहे हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर पणजोबांचं दुकान कसं होतं, की कापायचं टेबल मधोमध आणि बाजूच्या भिंतीला एकच खिडकी. हाताची सावली कापायच्या रेघेवर पडली की संपलं, म्हणून उजव्या हाताचा शिंपी उजेड डावीकडून येईल असा उभा राहतो. म्हणजे त्या दुकानात दुसरा कोणीही असता तर रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला असता, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत. पण पणजोबांना उजेड उजवीकडून हवा. म्हणून ते रस्त्याकडे पाठ करून कापायचे. दिवसभर. आक्का शाळेतून आली की तिला आधी वडिलांची पाठ दिसायची. ती म्हणते, ‘मला त्यांचा चेहरा आठवत नाही रे. फोटो नाही एकही. पाठ आठवते, आणि डाव्या हाताचं कोपर वर-खाली होताना आठवतं.’

आणि मग तो दिवस. सकाळपासून तोफांचे आवाज जवळ येत होते, गल्ली रिकामी होत होती, आणि चौकात शेवटचा ट्रक उभा. आक्काची आई पोरांना घेऊन दुकानाच्या दारात आली. आत पणजोबा कापतायत. कोट कापतायत! बाहेर जग बुडतंय आणि हा माणूस कोट कापतोय. ते म्हणाले, ‘तुम्ही पुढे व्हा. एवढी बाही कापतो आणि आलोच.’ आणि वळून बघितलं नाही.

ट्रक निघाला. ते आले नाहीत. पुढे सरहद्द बंद झाली, आणि त्यांचं काय झालं ते कोणालाच, कधीच, कळलं नाही.

आता यात कात्रीचा राग कुठून आला ते ऐका. आक्काची आई, म्हणजे आमची पणजी, मरेपर्यंत एकच वाक्य बोलायची. ‘त्याला माणसांपेक्षा बाही मोठी झाली.’ घरात कोणी कात्री हातात घेतली तरी ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. माझे आजोबा म्हणून शिंपी झाले नाहीत, त्यांनी गिरणीत नोकरी धरली. आक्का टेलिफोनच्या ऑफिसात लागली. धंदाच संपला घरातला. आणि आक्काच्या मनात हे एवढंसं कुसळ तसंच राहिलं, की बाबांनी आपल्याला सोडून कोट निवडला का? नऊ वर्षांच्या पोरीच्या मनात गेलेलं कुसळ आहे ते, निघतंय थोडंच.

मागच्या वर्षी सरहद्द उघडली, म्हातारी माणसं जाऊन येऊ शकतात असं निघालं. आक्का एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, ‘मी कात्री आणायला जाते.’

माझे बाबा म्हणाले, ‘आत्या, साठ वर्षं झाली. कात्री कसली, दुकान तरी असेल का?’

‘नसेल तर नाही म्हणून परत येईन. हा येईल माझ्याबरोबर.’ आणि चमचा माझ्याकडे!

घरात सगळे बघतच राहिले. माझा चुलतभाऊ, तो बँकेतला, शहाणा, ज्याच्या पिशवीत औषधं, छत्री, सुईदोरा सगळं असतं, त्याला सोडून मी? मी, ज्याने मागच्या प्रवासात स्वतःचीच बॅग बसमधे ठेवून दुसऱ्याची उतरवून आणली? मी खूश झालो. म्हटलं, बाईने अखेर माझी पारख केली. ती म्हणाली, ‘चढू नकोस हरभऱ्याच्या झाडावर. गेल्यावर कळेल.’

बसने गेलो. अख्खा दिवस. आक्का खिडकीशी बसून काही बोलली नाही, आणि तुम्हाला माहितीये, मी शेजारी असताना माणूस बोलला नाही तर मीच दोघांचं बोलतो. शेवटी ती म्हणाली, ‘बाळा, तुझ्या तोंडाला बटण शिवता आलं असतं तर मी स्वतः शिवलं असतं.’ मग मी पण गप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोधायला निघालो. ती गावाचा नकाशा डोक्यात घेऊन आली होती, पण नऊ वर्षांच्या पोरीच्या उंचीवरून काढलेला! म्हणजे तिला इमारती आठवत नव्हत्याच, पायऱ्या आठवत होत्या. ‘इथे एक पायरी होती, मधे फुटलेली.’ ‘इथे नळ होता, त्याला वाकून पाणी प्यायचं.’ मी सत्तरीच्या बाईबरोबर फूटपाथवर खाली मान घालून फिरतोय, लोकांना वाटलं आमचं काहीतरी पडलंय. एका पानवाल्याने तर विचारलंच, ‘काय हरवलं हो?’ आक्का म्हणाली, ‘गल्ली.’

नळ नव्हता. फुटलेली पायरी नव्हती, नवीन फरशी होती. मोबाइलची दुकानं, चष्म्याचं दुकान, झेरॉक्स. मला वाटायला लागलं, झालं, आता ही इथेच रस्त्यात बसते की काय. तिच्या पिशवीचा बंद तिने असा घट्ट धरलेला. मी म्हटलं, ‘आक्का, जरा सावलीत बसू.’ ती बसायला वळली, आणि वळता वळता थांबली.

समोर एक शिंप्याचं दुकान होतं. साधं. शटर वर ओढलेलं, काचेत दोन-तीन कोट टांगलेले. आणि आत एक बाई कापत उभी होती. रस्त्याकडे पाठ करून.

आणि तिचं डावं कोपर वर-खाली होत होतं.

शप्पथ सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. आक्काने माझं मनगट पकडलं. मग ती रस्ता ओलांडून सरळ दुकानात. मी मागे, एका स्कूटरवाल्याच्या शिव्या खात.

ती बाई वळली. पन्नाशीची असेल, गळ्यात टेप, कानामागे खडूचा तुकडा. सगळे तिला मास्टरबाई म्हणतात हे आम्हाला नंतर कळलं. ती म्हणाली, ‘या. काय शिवायचंय?’

आक्का म्हणाली, ‘तुम्ही डावखुऱ्या आहात?’

आता गिऱ्हाईक दुकानात येऊन हे विचारतं का? मास्टरबाई हसली. ‘छे हो. लिहिते उजव्याने, जेवते उजव्याने, पोरांना मारलं तेही उजव्याने. फक्त कापते डाव्याने. आमच्या घरात सगळे कापतात डाव्याने. अण्णांनी तसंच शिकवलं.’

‘का?’

‘कात्रीच तशी आहे ना.’ आणि तिने हातातली कात्री वर धरली.

मित्रांनो, ती कात्री. काळी, जड, पाती झिजून झिजून अरुंद झालेली, आणि अंगठ्याच्या कडीला तपकिरी चामड्याची पट्टी शिवलेली. मास्टरबाईने आक्काच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिचं हसू हळूहळू गेलं. ती म्हणाली, ‘तुम्ही… तुम्ही आलात का?’ जसं काही काल निरोप पाठवला होता! मग तिने स्टूल ओढलं, आक्काला बसवलं, पाणी दिलं, आणि स्वतः टेबलाला टेकून सांगायला लागली.

गोष्ट अशी होती. लढाईनंतर इकडून माणसं तिकडे गेली तशी तिकडून इकडे आली. मास्टरबाईचे वडील, अण्णा, ते पण शिंपी, सगळं गमावून आलेले, बायको, दोन पोरं आणि अंगावरचे कपडे. सरकारने त्यांना हे रिकामं दुकान दिलं. आत ही कात्री. अण्णा उजव्या हाताचे. पण दुसरी कात्री घ्यायला होतं काय त्यांच्याकडे? म्हणून ते डाव्या हाताने कापायला शिकले. मोठा माणूस, हातात कला असलेला, परत पहिल्यापासून, पोरासारखा. चिंध्यांवर सराव करायचे, म्हणे, आणि दात खायचे. पुढे चार पैसे आल्यावर नवी कात्री घेता आली असती, पण तोवर हात वळला होता. पोरांना शिकवलं तेही त्याच कात्रीवर.

म्हणजे बघा हां, आमच्या घरातला डावा हात आम्ही सोडून दिला आणि तो इथे एका भलत्याच कुटुंबात रुजला! मी हे तिथे बोलून पण दाखवलं. आक्का म्हणाली, ‘तू जरा गप्प बस आणि ती कात्री हातात घे.’

‘मी?’

‘मग तुला काय माझ्या पिशव्या उचलायला आणलंय? मी उजव्या हाताची. भावंडांत एक मीच उजवी निघाले. माझ्या हातात ती कापड मुडपणार, मला खरी-खोटी कळणार कशी? डावा हात घेऊन यायला हवा होता. आता घरात तुझाच उरलाय.’

तर ही माझी पारख. मी म्हणजे कात्री तपासायचं यंत्र!

मी कडीत अंगठा घातला, तर मास्टरबाई म्हणाली, ‘थांबा. ते चामडं अण्णांचं आहे. आधीच्या मास्तरांच्या अंगठ्याने कडी आतून झिजली होती, तो खळगा अण्णांना रुतायचा, म्हणून त्यांनी वरून चामडं शिवलं. तुम्हाला तुमचं पाहायचं असेल तर ते काढावं लागेल.’ आणि आक्का नको-नको म्हणेपर्यंत तिने ब्लेड घेतलं आणि उसवायला बसली. एक एक टाका. कापलं असतं तर पटकन झालं असतं, पण तिने कापलं नाही, उसवलं, जसं काही महागाच्या कोटाचं अस्तर काढतेय. शेवटचा टाका सुटला तेव्हा चामडं वाकडंच राहिलं, गोल, अंगठ्याच्या आकाराचं, इतकं टणक झालं होतं. तिने ते उचललं आणि स्वतःच्या ब्लाउजमधे ठेवलं.

मग मी अंगठा घातला. खाली लोखंड गार आणि गुळगुळीत. आणि आत एका बाजूला खरंच खळगा होता. अंगठा आपोआप त्यात जाऊन बसला आणि थोडा तिरका झाला.

आक्का म्हणाली, ‘काय लागतंय?’

आता मला बोलायला सांगतात आणि मला शब्द सापडत नाहीत असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी म्हटलं, ‘आक्का, अंगठा माझ्यापेक्षा जाड होता. मला दोन्हीकडून जागा राहतेय. आणि… आणि ते अंगठा पूर्ण आत नाही घालायचे, नुसतं टोक कडीला टेकवायचे. खळगा कडीच्या काठाकडे आहे.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘हो. टोकालाच. आई म्हणायची, पडेल एक दिवस पायावर.’ आणि मग तिने डोळे मिटले आणि म्हणाली, ‘आणखी सांग.’ मी काय सांगणार? मी तोच खळगा तीनदा तीन प्रकारे सांगितला. ती ऐकत राहिली.

मग तिने मास्टरबाईला तो प्रश्न विचारला. सरळ नाही विचारला. ती म्हणाली, ‘तुमचे अण्णा आले तेव्हा टेबलावर एक कोट असेल ना? पूर्ण कापलेला?’

मला कळलं की आता सगळं इथे आलंय. ती या एका उत्तरासाठी अख्खा दिवस बसमधे गप्प बसली होती. कोट पूर्ण कापलेला असेल तर पणजीचं खरं. बाही मोठी झाली त्यांना.

मास्टरबाई म्हणाली, ‘पूर्ण नाही हो.’

‘नाही?’

‘बाकी तुकडे झाले होते. एक बाही अर्ध्यात सोडलेली होती. पुढे खडूची रेघ तशीच होती. अण्णा नेहमी सांगायचे, शिंपी बाही अर्ध्यात टाकून उठत नाही, टोक आलं की मगच हात थांबतो. हा माणूस मधेच उठला म्हणजे कोणाच्या तरी मागे निघाला होता. आणि कात्री कापडात नव्हती. टेबलाच्या कडेला होती, मूठ दाराकडे करून ठेवलेली. जाता जाता उचलायची असल्यासारखी.’

आक्काने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला.

‘मग उचलली का नाही?’ आक्का म्हणाली. अगदी हळू. तिचा आवाज हळू निघू शकतो हे मला माहीतच नव्हतं.

‘ते कोणाला माहीत, मावशी? खिडकी बंद करायला आत वळले असतील. कोणी हाक मारली असेल. कोणी… काहीही झालं असेल. पण ते निघाले होते. एवढं नक्की.’

आक्काने मान हलवली. एकदा, मग परत, मग हलवतच राहिली. रडली नाही. मीच रडलो, हसायचं काही कारण नाही, ढब्बू, तू पण रडला असतास. मास्टरबाई सांगत होती, की अण्णांना वाटलं मालक आज येईल, उद्या येईल. म्हणून दुकान बंद करताना ते कात्री पुसून जशी सापडली तशीच ठेवायचे, टेबलाच्या कडेला, मूठ दाराकडे. मालक आला तर त्याला पात्याकडून धरावी लागू नये. साठ वर्षं रोज. अण्णा गेले, मग भावाने ठेवली, भाऊ परगावी गेला, मग हिने.

‘फक्त एक चुकलं आमचं,’ ती म्हणाली आणि लाजल्यासारखी झाली. ‘त्या थंडीत घरात कोणाच्याच अंगावर घालायला काही नव्हतं. अण्णांनी उरलेली रेघ कापली आणि तो कोट शिवला. माझ्या आईने घातला, मग मी पण घातला.’

‘बाही कशी बसली होती?’ आक्का म्हणाली. शिंप्याची पोर ती!

‘छान बसली होती.’ मग मास्टरबाईने जीभ चावली. ‘खरं सांगू? कोपराच्या वर वाकडी होती. अण्णांचं डाव्या हाताचं पहिलं कापणं ना ते. चांगलं कुठे संपलं नि वाकडं कुठे सुरू झालं, ते बोट ठेवून दाखवता यायचं.’

आणि आक्का हसली. फस्‌कन हसली, पाणी सांडलं हातातलं. ‘म्हणजे आमच्या बाबांची रेघ तुमच्या अण्णांनी वाकडी केली!’ दोघी हसतायत, डोळे पुसतायत, मी मधे कात्री धरून उभा, गाढवासारखा.

आता तुम्हाला वाटत असेल पुढे काय होतं ते. मलाही वाटलं. आक्का उठली, कात्री माझ्या हातातून घेतली, मास्टरबाईच्या हातात ठेवली आणि म्हणाली, ‘तुझ्याकडेच राहू दे गं. तू तिचं चीज केलंस. मला जे न्यायचं होतं ते मिळालं.’ मला भरून आलं. म्हटलं वा, काय बाई आहे आमची.

आणि मास्टरबाई ओरडली, ‘नको!’

आम्ही दोघं दचकलो.

‘नको हो मावशी, घेऊन जा! पाया पडते. माझे गुडघे गेलेत. पोरगी कधीची बोलावतेय, आई दुकान बंद कर आणि इकडे ये, नातू वाढतोय, त्याला बघ. पण मी शटर कायमचं ओढू कशी? अण्णांनी जाताना हात धरून सांगितलंय, मालक येईपर्यंत दार बंद करू नकोस. आणि ती विकता येत नाही, टाकता येत नाही, कोणाला देता येत नाही. मी रोज सकाळी शटर वर करते ते कोटांसाठी नाही हो, या कात्रीसाठी! आणि आता तुम्ही आलात आणि मोठ्या मनाने परत माझ्याच गळ्यात घालताय?’

आक्का परत स्टुलावर बसली. मग ती म्हणाली, ‘अगं बाई, मग आधी बोलायचं नाही का?’

‘तुम्ही बोलू दिलंत कुठे!’

मग आक्काने कात्री घेतली. मास्टरबाईने आधी तिला तेल दिलं, पुसली, जाड कोटाच्या कापडात गुंडाळली, वरून दोन टाके घातले. आम्ही निघालो तर म्हणते, ‘थांबा, मला शटर ओढायला मदत करा, गुडघ्यांनी होत नाही.’ दुपार होती, बाजार ऐन भरात, शेजारचा चष्मेवाला बाहेर येऊन म्हणतो, ‘मास्टरबाई, आज लवकर?’ ती म्हणाली, ‘आजच्यापुरतं नाही हो. बास आता.’ मी आणि तिने मिळून शटर खाली ओढलं. ती कुलूप लावून मिनिटभर तिथेच उभी राहिली, ब्लाउजवर हात ठेवून, जिथे ते चामडं होतं. मग म्हणाली, ‘आता घरी जाऊन काय करायचं तेच कळत नाहीये.’ आक्का म्हणाली, ‘पोरीला फोन कर आधी.’

परत येताना बसमधे आक्का बोलली. अख्खा रस्ता बोलली, मला एक शब्द मिळाला नाही. आईबद्दल, त्या ट्रकबद्दल, वडिलांच्या पाठीबद्दल. मी विचारलं, ‘चेहरा आठवला का?’ ती म्हणाली, ‘नाही रे. पण आता ती पाठ दाराकडे वळते.’ मला नीट कळलं नाही.

तर आता ती कात्री आमच्याकडे आहे. आणि डावा हात घरात एकच, म्हणून रविवारी आक्का मला समोर बसवते आणि शिकवते. तिला स्वतःला कापता येत नाही हां, तिने नुसतं पाठीमागून बघितलेलं आहे. ती पाठीमागे उभी राहते आणि ओरडते, ‘कोपर वर! कोपर एवढं वर नव्हतं जात त्यांचं!’ चामडं नाही आता, कडी उघडी, अंगठा त्या खळग्यात जाऊन बसतो. जागा मोठी पडते. वेळ लागेल.

हा शर्ट झाला तेव्हा मी घालून तिच्यासमोर उभा राहिलो. तिने चष्मा लावला, बाही अशी धरली, कोपराच्या वर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘इथून तू सुरू झालास.’

आणि संध्याकाळी काम झालं की ती कात्री पुसते, स्वतः, कोणाला हात लावू देत नाही, आणि टेबलाच्या कडेला ठेवते, मूठ दाराकडे करून. मी परवा म्हटलं, ‘आक्का, आता कोण यायचंय?’

ती म्हणाली, ‘कोणी नाही.’ आणि मूठ जरा आणखी दाराकडे वळवली.